तापाच्या महिन्यातही न मोडणारा हप्ता

एका सहकारी पतसंस्थेच्या कर्जखात्याचे काम पाहण्यात माझ्या नोकरीची बहुतेक वर्षे गेली, आणि त्या वर्षांत हप्ता थकला म्हणून समोरच्या खुर्चीवर येऊन बसणाऱ्या तरुण जोडप्यांच्या ज्या हकिकती मी ऐकल्या, त्यांत उधळपट्टीची कबुली क्वचित आणि मुलाच्या आजारपणाची कथा वारंवार असे. कर्ज घेतले तेव्हा हप्ता झेपण्यासारखाच होता. दोन पगार येत होते, किराण्याचा अंदाज ठरलेला होता, पाळणाघराचे पैसे वेळेवर जात होते. पण ज्या महिन्यात मुलाला पाच दिवस ताप आला, पाळणाघराने त्याला घेण्यास नकार दिला, आईची किंवा बापाची बिनपगारी रजा झाली, आणि डॉक्टर, रक्ततपासणी, औषधे आणि रिक्षा यांचे पैसे एकदमच उभे करावे लागले, त्या एका महिन्यात सगळा बंदोबस्त कोसळला, नड भागविण्यासाठी क्रेडिट कार्ड बाहेर आले, आणि त्या पाच दिवसांच्या तापाचे व्याज पुढे वर्षभर पुरले. म्हणून, ज्यांच्या घरात लहान मूल आहे आणि डोक्यावर कर्जही आहे अशा वाचकांना माझे पहिले सांगणे असे की, कर्जफेडीचा वेग आपल्या सर्वांत चांगल्या महिन्यावरून न ठरविता सर्वांत वाईट महिन्यावरून ठरवावा, आणि चांगल्या महिन्यांत जे उरेल ते स्वतंत्रपणे, एकरकमी, मुद्दलात भरावे. कर्ज लवकर फिटावे या उत्साहाने मोठा हप्ता ठरविणाऱ्यांचा उत्साह मला नेहमीच आदरणीय वाटला. परंतु मोडलेला मोठा हप्ता हा न मोडलेल्या लहान हप्त्यापेक्षा फार महाग पडतो, हे मी खतावणीच्या पानांवर पाहिले आहे.

आरंभ यादीपासून करावा, आणि ती यादी दोघांनी मिळून करावी. पगार झाल्यानंतरच्या पहिल्या शनिवारी किंवा रविवारी, मूल दुपारचे झोपले असता, पाऊण तास पुरतो. रात्री दोघेही दमलेले असतात आणि दमलेल्या माणसांचे हिशेब भांडणावर जातात, म्हणून रात्रीची वेळ शक्यतो टाळावी. साधी शंभरपानी वही घ्यावी आणि प्रत्येक कर्जापुढे आजची बाकी, व्याजाचा दर, हप्ता, त्याची तारीख, तारण काय आहे आणि जामीनदार कोण आहेत, हे लिहावे. या यादीतून लोक हमखास गाळतात त्या बाबी म्हणजे मेव्हण्याकडून घेतलेले हातउसने, वाण्याची उधारी, आणि भिशी. भिशीचा पैसा आपण आधीच उचलला असेल तर तिचे उरलेले महिने म्हणजे निखळ कर्ज होय. दोघांपैकी एकाने दुसऱ्याला न सांगता घेतलेले एखादे कर्जही बहुधा याच बैठकीत बाहेर येते. ते बाहेर आल्यावर दोषारोपाची बैठक दुसऱ्या दिवसावर ढकलावी आणि त्या दिवशी केवळ आकडा वहीत चढवावा, असा माझा कळकळीचा सल्ला आहे, कारण एकदा रागे भरलेला जोडीदार पुढचे कर्ज अधिक खोल लपवितो. आठवणीवर विसंबायचे नसेल तर सिबिल, इक्विफॅक्स, एक्स्पीरियन आणि क्रिफ हाय मार्क या चारही पतमाहिती कंपन्यांकडून प्रत्येकाला वर्षातून एकदा आपला संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळण्याचा हक्क आहे. तो मागवून वहीशी त्याची रुजुवात घालावी.

यादी झाली की व्याजाच्या दराकडे पाहावे, आणि येथे थोडे थांबणे अवश्य आहे, कारण सुशिक्षित माणसेही ज्या ठिकाणी फसतात ते हेच ठिकाण आहे. क्रेडिट कार्डाच्या थकलेल्या बाकीवर दरमहा साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागते, म्हणजे वर्षाला ४२ टक्के, आणि त्या व्याजावर पुन्हा १८ टक्के वस्तू व सेवा कर. बाकी एक लाख रुपये असेल तर पहिल्या महिन्याचे व्याज ३,५०० रुपये आणि त्यावरचा कर ६३० रुपये. आपण ‘किमान देय रक्कम’ म्हणून ५,००० रुपये भरले तर मुद्दल कमी झाले ते अवघ्या ८७० रुपयांनी. कार्डावर एक पैशाची नवी खरेदी न करता दरमहा नेमाने ५,००० भरीत राहिलो तरी हे एक लाख फिटायला सुमारे ४३ महिने लागतात आणि दोन लाख सोळा हजारांच्या घरात रक्कम भरावी लागते. शिवाय बाकी थकलेली असताना केलेल्या नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. मुलाच्या दुधाची पिशवी त्या कार्डावर घेतली तर तिलाही त्याच दिवसापासून व्याज लागू होते.

आता हेच एक लाख रुपये आपल्या पगाराच्या बँकेकडून किंवा कर्मचाऱ्यांच्या पतपेढीकडून १४ टक्के दराने दोन वर्षांच्या मुदतीचे कर्ज घेऊन फेडले, तर हप्ता सुमारे ४,८०० रुपये येतो, चोविसाव्या महिन्याला कर्ज संपते, आणि भरलेली एकूण रक्कम एक लाख पंधरा हजारांच्या जवळपास राहते. घरातून दरमहा जाणारा पैसा जवळजवळ तोच. पण पहिल्या वाटेने गेल्यास आज बारशाचे असलेले मूल बालवाडीत जाईपर्यंत कार्डाची बाकी जिवंत असते, आणि दुसऱ्या वाटेने ते दुडुदुडु धावू लागल्यानंतर थोड्याच दिवसांत ती संपते. मात्र अदलाबदलीची ही तजवीज यशस्वी व्हावयाची असेल तर जुने कार्ड त्याच आठवड्यात बंद करावे, किंवा निदान त्याची मर्यादा अर्ज देऊन वीस हजारांवर आणावी. रिकामे झालेले कार्ड पुन्हा भरते, आणि मग दोन्ही कर्जे अंगावर येतात. मी पाहिलेल्या अशा प्रयत्नांतील पुष्कळसे याच कारणाने वाया गेले.

दर विचारताना आणखी एक प्रश्न विचारावा: व्याज घटत्या शिल्लकेवर आहे की मूळ रकमेवर सरसकट? एक लाखावर तीन वर्षांसाठी सरसकट १० टक्के म्हणजे ३०,००० रुपये व्याज आणि ३,६११ रुपयांचा हप्ता. ऐकायला दर १० टक्के, पण मुद्दल दरमहा कमी होत असल्यामुळे घटत्या शिल्लकेच्या हिशेबाने तो १८ टक्क्यांच्या जवळ जातो. शून्य टक्के व्याजाच्या हप्त्यांवर मिळणाऱ्या भ्रमणध्वनीचे व्याज किमतीत किंवा शुल्कात दडलेले असते, आणि २०१३ साली रिझर्व्ह बँकेने बँकांना अशा योजनांविषयी स्पष्ट शब्दांत समज दिली होती. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे हस्तगत करून जाळले, त्या उद्रेकामागे आपण अंगठा उठविलेल्या कागदात काय लिहिले आहे हे न कळण्याची असहायताही होती. आज आपल्याला अक्षर कळते, आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून सर्व शुल्के धरून वार्षिक दर किती पडतो ते सांगणारे मुख्य बाबींचे विवरणपत्र कर्जदाराला देणे बँकांना आणि वित्तकंपन्यांना बंधनकारकही झाले आहे; असे असता ते न वाचता भ्रमणध्वनीच्या पडद्यावर बोट टेकविणे मला फार दुःखदायक वाटते.

आता मूळ मुद्द्याकडे, म्हणजे वाईट महिन्याच्या हिशेबाकडे येतो. मागील बारा महिन्यांचे बँकेचे उतारे काढावेत आणि ज्या तीन महिन्यांत घर सर्वांत अडचणीत आले ते महिने शोधावेत. पावसाळ्याच्या आरंभी सर्दी-खोकल्याचा एक महिना, शाळेच्या किंवा बालवाडीच्या शुल्काचा एक, आणि गावाकडील लग्नकार्याचा किंवा आई-वडिलांच्या उपचाराचा एक, असे साधारणतः त्यांचे स्वरूप असते. उदाहरणादाखल असे घर कल्पावे की ज्यात दोघांचे मिळून ९०,००० रुपये येतात, घराच्या कर्जाचा हप्ता २६,००० आहे, आणि नेहमीचा खर्च ४६,०००. चांगल्या महिन्यात येथे १८,००० उरतात, आणि म्हणून हे जोडपे उरलेली कर्जे फेडण्यासाठी १५,००० रुपयांचा हप्ता बांधून घेण्यास निघते. परंतु वाईट महिन्यात बिनपगारी रजेचे ६,००० कमी येतात आणि औषधोपचाराचे ७,००० वाढतात, तेव्हा उरतात ते अवघे ५,०००. या घराने बांधून घ्यावयाचा हप्ता हा ५,००० रुपयांचाच होय. उरलेले १३,००० रुपये चांगल्या महिन्यात प्रथम गंगाजळीत आणि ती पुरी झाल्यावर मुद्दलात जावेत.

ही गंगाजळी किती असावी? एका महिन्याचा घरखर्च आणि एका महिन्याचे सर्व हप्ते यांची बेरीज इतकी तरी असावी, आणि ती अशा बचतखात्यात ठेवावी की ज्याला भ्रमणध्वनीवरून पैसे देण्याची सोय जोडलेली नाही. ४२ टक्क्यांचे कर्ज असताना बचतखात्यात अडीच-तीन टक्क्यांनी पैसे ठेवणे हा गणिताच्या दृष्टीने तोटा आहे, हे मला मान्य आहे. परंतु मूल नसलेल्या माणसाचे गणित आणि मूल असलेल्या घराचे गणित एक नाही, कारण मध्यरात्री बालरुग्णालयाच्या खिडकीवर अनामत रक्कम मागितली जाते तेव्हा हाताशी रोकड नसेल तर तेच कार्ड पुन्हा पुढे करावे लागते. बाळाच्या हातावर आप्तेष्टांनी ठेवलेल्या पाकिटांतील पैसे याच खात्यात टाकावेत. ते बाळाच्याच कामी येतील. त्यानंतर सगळ्या हप्त्यांच्या तारखा पगारानंतरच्या तीन-चार दिवसांत आणाव्यात. कर्जाच्या हप्त्याची तारीख बदलून देण्यास पुष्कळ संस्था अर्ज केल्यावर तयार होतात, आणि कार्डाचे देयकचक्र निदान एकदा बदलून मागण्याचा हक्क रिझर्व्ह बँकेच्या नियमांनीच दिलेला आहे. मूल आजारी असते त्या आठवड्यात तारीख लक्षात राहत नाही, म्हणून हे काम यंत्राच्या स्वाधीन करावे.

कोणते कर्ज आधी, या प्रश्नावर मी दराचा पक्ष घेतो: सर्वांत चढ्या व्याजाचे आधी. अपवाद मेव्हण्याच्या हातउसन्याचा, कारण त्यावर रुपयांचे व्याज नसले तरी प्रत्येक सणावारी मनाला ते भरावेच लागते. घराचे कर्ज सर्वांत शेवटी येते, पण त्याची थोडी ओळख असावी. तीस लाखांवर साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी २६,०३५ रुपयांचा हप्ता बसतो, आणि पहिल्या हप्त्यातील २१,२५० रुपये व्याजात जाऊन मुद्दलात पडतात केवळ ४,७८५. आरंभापासून दरमहा ५,००० जास्त भरले तर तेच कर्ज साडेतेरा वर्षांच्या सुमारास संपते आणि व्याजाचे साडेअकरा लाखांहून अधिक रुपये वाचतात. बदलत्या दराच्या गृहकर्जाची मुदतपूर्व परतफेड करणाऱ्या व्यक्तीकडून बँकेला दंड घेता येत नाही. अशी जादा रक्कम भरताना मुदत कमी करावयाची की हप्ता, हे लेखी कळवावे. सर्वसाधारण सल्ला मुदत कमी करण्याचा असतो आणि तो योग्यच आहे, परंतु ज्या घरात मूल तीन वर्षांच्या आतले आहे आणि वाईट महिना कसाबसा निभतो, त्याने काही काळ हप्ता कमी करून घेतला तर मी त्याला चूक म्हणणार नाही.

खर्चात काटकसर कोठे करावी आणि कोठे करू नये, याविषयी माझी मते ठाम आहेत. मुलाचे दूध, अंडे, फळ, डाळ यांना हात लावू नये. लस मात्र सरकारी किंवा महापालिकेच्या केंद्रात घ्यावी. क्षयाच्या लसीपासून पोलिओ, पंचगुणी, रोटा, न्यूमोनिया, गोवर-रुबेलापर्यंत राष्ट्रीय लसीकरणातील सर्व लसी तेथे विनामूल्य मिळतात, आणि तेथील रांगेत उभे राहण्यात कमीपणा मानण्याचे काही कारण नाही. झबली, टोपरी, पाळणा, चालण्याचा गाडा या वस्तू मावस-चुलत भावंडांकडून फिरत याव्यात ही आपली जुनी रीतच आहे, आणि आजीच्या जुन्या सुती लुगड्याच्या दुपट्याइतके मऊ दुपटे दुकानात मिळत नाही. पहिल्या वाढदिवसाला सभागृह घेऊन दीडशे माणसे बोलाविणारी आणि त्यासाठी कर्ज काढणारी जोडपी मी पाहिली आहेत. त्यांना मी सांगत असे की, संक्रांतीला घरीच बोरन्हाण करा, चुरमुरे, बोरे, उसाचे करवे आणि हलव्याचे दागिने एवढ्यावर शेजारची सगळी मुले आनंदाने नाचतात. मुलीच्या नावे सुकन्या समृद्धी खाते उघडले असेल तर कार्डाची बाकी संपेपर्यंत वर्षाला किमान २५० रुपये भरून ते जिवंत ठेवावे आणि मोठा भरणा नंतर करावा. आयुर्विमा आणि आरोग्यविमा मात्र तोडू नये. कार्यालयाच्या गटविम्यात बाळाचे नाव घालण्याला मुदत असते, तीही चुकवू नये.

पाळणाघराच्या खर्चाचा हिशेब बहुतेक घरांत आईच्या पगाराशी मांडला जातो: तिला इतके मिळतात, त्यातले इतके पाळणाघरात जातात, मग नोकरी सोडलेलीच बरी. हा जमाखर्च मुळातच चुकीच्या खात्यावर टाकलेला आहे. मूल दोघांचे आहे, म्हणून हा खर्च दोन्ही पगारांच्या बेरजेतून वजा झाला पाहिजे. आणि तिच्या बाजूला केवळ आजचा पगार न धरता भविष्यनिर्वाह निधी, पुढील वेतनवाढी आणि तीन वर्षांनी पुन्हा नोकरी शोधताना पडणारी तफावत हीही धरली पाहिजे. २०१७ पासून पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी प्रसूतिरजा कायद्याने मिळते, आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांनी पाळणाघराची सोय करावी अशी तरतूदही त्याच वेळी झाली. ती आहे का, हे कार्यालयात विचारावे, आणि बापानेही आपल्या कार्यालयात विचारावे.

सोन्याविषयी दोन शब्द. कार्डाच्या कर्जापेक्षा बँकेचे सोनेतारण कर्ज पुष्कळ स्वस्त पडते, म्हणून पाटल्या गहाण ठेवण्याचा विचार घराघरांत निघतो, आणि हिशेबाने तो गैर नाही. परंतु तिचे दागिने हे स्त्रीधन आहे. तो निर्णय तिचा, आणि तिने नकार दिला तर कारण विचारू नये. ठेवलेच तर वर्षाअखेर सगळी रक्कम एकदम भरण्याचा प्रकार न घेता दरमहा मुद्दल फिटेल असा घ्यावा, कारण मुदत टळल्यावर लिलावाची नोटीस येते.

इतके करूनही एखादा हप्ता भरता येणार नाही असे दिसले तर तारखेच्या आधी धनकोकडे जावे, नंतर नव्हे. आधी आलेल्या कर्जदाराला मुदत वाढवून देण्याचे अधिकार आमच्यासारख्यांकडे काही प्रमाणात असत. तीन हप्ते थकवून आलेल्यासाठी मात्र दप्तराची चाके फिरू लागलेली असतात आणि पतसंस्थेच्या बाबतीत महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला निघण्याची वेळ जवळ येते, ज्याची झळ जामीनदारालाही लागते. १८७२ च्या करार कायद्याने जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच ठरविली आहे. यास्तव मूल लहान आहे तोवर दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहण्यास नम्रपणे नकार द्यावा. बँकेच्या किंवा वित्तकंपनीच्या वसुली प्रतिनिधीने सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर दूरध्वनी करू नये असा नियम आहे. तो मोडला गेल्यास लेखी तक्रार करावी, आणि तीस दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य दाद मागावी. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या नव्हे, सहकार खात्याच्या अखत्यारीत येतात, म्हणून त्यांच्याविषयीचे गाऱ्हाणे निबंधकाकडे न्यावे. सात दिवसांच्या मुदतीचे कर्ज देऊन आपल्या भ्रमणध्वनीतील सगळे नावपत्ते मागणाऱ्या उपयोजनांपासून, आणि परवान्याशिवाय सावकारी करणाऱ्यांपासून, कितीही नड असली तरी दूर राहावे. बेकायदा सावकारीविरुद्ध २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी अधिनियमाखाली जिल्हा उपनिबंधकाकडे तक्रार करता येते. थकलेल्या कार्डावर ‘तडजोड’ म्हणून कमी रकमेत मिटविण्याचा प्रस्ताव आला तर तो मोहक वाटतो, पण पतअहवालात ती नोंद ‘फेड’ म्हणून न होता ‘तडजोड’ म्हणून राहते आणि पुढे घरासाठी कर्ज मागताना आडवी येते.

कर्ज फिटल्यावर पुष्कळजण समाधानाने घरी जातात आणि कागद मागण्यास विसरतात. शेवटचा हप्ता गेल्यावर आठवड्याभरात बेबाकी दाखला लेखी मागावा. घराचे मूळ दस्तऐवज बँकेने किंवा वित्तकंपनीने तीस दिवसांत परत द्यावेत आणि त्यांच्याकडून विलंब झाल्यास दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी, असा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. सातबाऱ्यावर किंवा मिळकतपत्रिकेवर बोजा चढविलेला असेल तर तो कमी करण्यासाठी तलाठ्याकडे अथवा नगर भूमापन कार्यालयात अर्ज द्यावा, आणि गृहनिर्माण संस्थेच्या दप्तरात तारणाची नोंद असेल तर तीही खोडून घ्यावी. दोन महिन्यांनी पतअहवाल पुन्हा काढून तेथे बाकी शून्य दिसते का पाहावे. चूक असेल तर दुरुस्तीचा अर्ज करावा, आणि त्या अर्जाची तारीख वहीत टिपून ठेवावी, कारण तीस दिवसांत दुरुस्ती न झाल्यास पुढील प्रत्येक दिवसाला शंभर रुपये मागण्याचा हक्क त्याच तारखेवरून मोजला जातो.